सिस्टरबाईंच्या बाटल्या

आमच्या गावात फ्रान्सच्या दारूत पैसे गुंतवलेली एकच बाई आहे, आणि गावातली दारू बंद व्हावी म्हणून वीस वर्षं उन्हातान्हात फिरलेलीही तीच. हे सांगितलं की बाहेरगावचे लोक हसतात. हसू द्या. मला हसू येत नाही, कारण त्या वीस वर्षांतली अकरा वर्षं मी त्यांच्या मागे रजिस्टर घेऊन फिरले आहे, आणि शेवटी जे झालं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. राग नेमका कोणावर, ते मात्र दर वेळी बदलतं.

प्रभावती बळीराम पाझारे हे त्यांचं नाव. पण या नावानं त्यांना फक्त तहसीलचे कागद ओळखतात. गावासाठी त्या सिस्टरबाई. मारेगावपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव, तिथल्या उपकेंद्रात त्यांनी तीस वर्षं नर्स म्हणून काढली. पांढरी साडी, खांद्याला लसीची पेटी, पायात रबरी चप्पल. गावातल्या प्रत्येक लेकराच्या लसीच्या कार्डावर त्यांची सही आहे, प च्या पोटात टिंब असलेली. माझ्या कार्डावर आहे, माझ्या मुलीच्याही आहे. हे सहीचं लक्षात ठेवा, पुढे तीच सही आमच्या गळ्याशी आली.

त्यांचे यजमान बळीरामभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. हाताला कला होती आणि घशाला तहान होती. आमच्या गावच्या फाट्यावर देशी दारूचं सरकारी परवान्याचं दुकान आहे, त्याला आमच्याकडे भट्टीच म्हणतात. त्या भट्टीच्या मागच्या बाजूला एका सकाळी बळीरामभाऊ सापडले. मुलगा राजदीप तेव्हा आठवीत होता. ते गेल्यावर पुण्यानुमोदनाला लोक जमले तेव्हा सिस्टरबाई रडल्या नाहीत, असं माझी सासू सांगायची. त्यांनी सगळ्यांसोबत पंचशील म्हटलं, आणि संपल्यावर बसल्या जागेवरून म्हणाल्या की पाचवं शील आपण नुसतं तोंडानं म्हणतो, उद्यापासून मी ते पायानं म्हणणार आहे. दारू प्यायची नाही आणि कोणाला पिऊ द्यायची नाही, असा त्यांचा त्याचा अर्थ होता. दुसऱ्या दिवसापासून त्या दारोदार जाऊ लागल्या.

समिती झाली ती नंतर. मी शिवणकाम करते आणि माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून मला सचिव केलं. माझ्या नवऱ्याचा, प्रफुल्लचा, ऑटो आहे आणि तो ऑटो संध्याकाळी भट्टीसमोर उभा असतो, हेही एक कारण होतं. माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायचे, स्वतः मारेगावला जाऊन साहेबापुढे बसायचं आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, अशी त्यांची पद्धत. एकदा त्या सकाळी अकरापासून साडेपाचपर्यंत बसल्या होत्या. शेवटी शिपायानं स्वतःच्या डब्यातली भाकरी त्यांना दिली आणि शिक्काही मारून दिला.

त्यांनी केलेलं सगळ्यांत अवघड काम हंसाबाईचं. गावापासून फाटा ओलांडून पुढे बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथली हंसाबाई मोहाची दारू गाळायची. चांगली गाळायची, असं पिणारे म्हणतात. त्यावर तिचं घर चालायचं आणि मुलगा भारत आयटीआयला शिकायचा. समितीतल्या बायांचं म्हणणं होतं की एकदम जाऊन मडकी फोडू. सिस्टरबाई एकट्याच गेल्या, चार वेळा. त्यांच्याबद्दल तांड्यात मान होता, कारण हंसाबाईची थोरली सून पुष्पा आडवं मूल घेऊन अडली होती तेव्हा भर पुरात टेंपोमध्ये त्यांनीच तिची सुटका केली होती. तेव्हापासून हंसाबाई त्यांना याडी म्हणायची, म्हणजे आई. वयानं दोघी सारख्याच, पण याडी म्हटलं की सगळं आलं, आणि आईला कोणी तुम्ही म्हणत नाही. चौथ्या खेपेला हंसाबाईनं मडकं स्वतः उचललं आणि स्वतःच्या हातानं दगडावर आपटलं. मग म्हणाली, "याडी, माही भट्टी मी फोडली. आता फाट्यावरची तू फोड."

सिस्टरबाईंनी शब्द दिला. त्या शब्दाला दहा वर्षं झाली. हंसाबाई कापूस वेचायला जाऊ लागली, भारतचं आयटीआय सुटलं, आणि घरची दारू बंद झाल्यावर तो फाट्यावरची पिऊ लागला. भेट झाली की हंसाबाई भांडत नसे, फक्त विचारायची, "कवा, याडी?" एवढंच. आणि सिस्टरबाई त्या दिवशी जेवत नसत.

आता बाटल्यांकडे येते.

राजदीप पुण्याला एका कंपनीत लागला. कंपनीचं काम असं, की लोकांचे पैसे घ्यायचे आणि त्यांच्या नावावर फ्रान्सची दारू विकत घेऊन तिकडेच ठेवायची. २०२२च्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा त्यानं आईला सगळं समजावलं. बोर्डो नावाचा मुलूख आहे. तिथे जुने वाडे आहेत, त्यांच्या द्राक्षांच्या बागा आहेत, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या व्यापाऱ्यांनी वाड्यांच्या पाच पायऱ्या ठरवल्या, पहिली, दुसरी अशा. त्यात आजवर फारसा बदल नाही. त्या वाड्यांची दारू पिंपात असतानाच विकत घ्यायची. दोन वर्षांनी ती बाटलीत भरतात आणि कुलपात ठेवतात. जगातले श्रीमंत लोक दरवर्षी थोड्या थोड्या बाटल्या पिऊन टाकतात, त्यामुळे उरलेल्यांचा भाव चढत जातो. दहा वर्षांनी विकायची. हातात घ्यायची नाही की डोळ्यांनी पाहायची नाही.

हे सगळं मला सिस्टरबाईंनीच नंतर सांगितलं, एक शब्द न गाळता. निवृत्तीचे पैसे हातात आले होते. विहाराला लागून मुलींसाठी अभ्यासिका बांधायची त्यांची इच्छा होती आणि तेवढ्या पैशांत ती पत्र्याचीच झाली असती. राजदीपला कंपनीनं आधी घरचे ग्राहक आणायला सांगितलं होतं, हेही होतं. तरी त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी लेकाला विचारलं की ही दारू पितं कोण. तो म्हणाला, मोठे लोक, परदेशातले. आपल्यातला कोणी? तर म्हणाला, आपल्या अख्ख्या जिल्ह्यात कोणाला परवडत नाही आई, तू काळजी नको करू. मग त्यानं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. दगडी तळघर, आणि त्यात हजारो बाटल्या आडव्या निजवलेल्या. बूच ओलं राहावं म्हणून तसं ठेवतात म्हणे.

इथे बाहेरच्या माणसाला एक सांगावं लागेल. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. दुकान राहावं वाटत असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद व्हावं वाटत असेल तर आडव्या बाटलीवर. बारा वर्षं सिस्टरबाई आमच्या निरक्षर बायांना खडूनं जमिनीवर आडवी बाटली काढून शिकवत होत्या की ही चांगली बाटली, ही आपली. आणि त्या बाईला लेकानं हजार आडव्या बाटल्या दाखवल्या. "साऱ्या आडव्या होत्या व ममता," त्या मला म्हणाल्या, "पाहून मले भेवच वाटला नाई." दुसऱ्या कोणाचा पाय या जागी घसरला नसता. त्यांनी सात लाख भरले आणि छत्तीस बाटल्यांच्या मालकीण झाल्या. कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. चोरी नव्हती तर लपवलंत का, असं मी पुढे विचारलं, तेव्हा त्या खरं तेच बोलल्या, लाज वाटली म्हणून.

कंपनीनं स्वागत म्हणून एक पार्सल पाठवलं. आमच्या गावात कुरिअरवाला येत नाही. तो सगळ्यांची पार्सलं फाट्यावर घनश्यामच्या किराणा दुकानात टाकून जातो. हा घनश्याम म्हणजे भट्टीचा परवानावाला. किराणा पुढे आणि भट्टी मागे. माणूस गोड बोलणारा. भीमजयंतीला वर्गणी सगळ्यांत आधी त्याची येते आणि आम्ही ती दरवर्षी परत करतो, तरी पुढच्या वर्षी पुन्हा येते. पार्सल म्हणजे एक चपटी लाकडी पेटी होती, तिच्या झाकणावर वाड्याचं आणि द्राक्षांच्या घोसाचं चित्र डागलेलं. त्यानं ती उघडली. आत सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र होतं आणि कराराची प्रत होती. त्यानं मोबाईलवर फोटो काढले, पेटी होती तशी चिकटवली आणि सिस्टरबाई आल्यावर दोन्ही हातांनी त्यांच्या हाती दिली. वर विचारलं, "बाई, काई जड सामान हाय काय? पोरगा पाठवू घरी?"

आणि तो वर्षभर गप्प बसला. मला त्याच्या लबाडीपेक्षा त्या गप्प बसण्याचाच धाक वाटतो.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर आम्ही सह्या गोळा केल्या. गावात आणि तांड्यात मिळून सहाशे बारा बाया मतदार. मागणीसाठी पाव हिस्सा लागतो, आम्ही दोनशे चाळीस आणल्या. खात्याचे साहेब येऊन पडताळणी करून गेले. मतदानाची तारीख फेब्रुवारीतल्या एका रविवारची पडली. नियम असा, की नुसती जास्त मतं मिळून चालत नाही. एकूण बाया मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे, म्हणजे तीनशे सात. जी घरी बसली ती आपोआप दुकानाच्या बाजूची. हंसाबाईनं तांड्यातल्या अठ्ठावन्न बायांची जबाबदारी घेतली होती. त्या महिन्यात सिस्टरबाईंना मी पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

शुक्रवारी सकाळी गावातल्या सगळ्या मोबाईलवर तो कागद आला. कराराचं शेवटचं पान, त्यावर छत्तीस बाटल्या, पूर्ण नाव आणि प च्या पोटात टिंब असलेली सही. खाली मजकूर: "सिस्टरबाईच्या छत्तीस फ्रान्सात सुखानं निजल्या. गरिबाची एक उभी हाय, ते काहून पाडता?"

माझा विश्वास बसला नाही. मी म्हटलं घनश्यामनं बनवला असेल, आजकाल काहीही बनवता येतं. गावातही निम्म्या लोकांना तसंच वाटत होतं. शनिवारी चार वाजता विहारासमोर सभा ठेवलेली होतीच. त्याआधी मी त्यांच्या घरी गेले. त्या दुसऱ्या दिवशीची पांढरी साडी घडी करत होत्या. मी दारातूनच म्हणाले की सभेत उठून एक वाक्य बोला आणि मोकळ्या व्हा. त्या मला बस म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं, दिवाळीपासून पेटीपर्यंत. पेटी पलंगाखाली होती. ती त्यांनी ओढून दाखवली.

मी ती परत पलंगाखाली ढकलली. मग एकदम बोलले.

"तरी खोटा हाय म्हना, बाई. येवढंच म्हना. सारे मानतीन."

"पन खरा हाय ना व."

"उद्या संध्याकाळी मताची पेटी उघडू द्या. मंग सोमवारी सांगा खरं."

"म्हन्जे चौथं शील सोमवारपासून पाळू?"

खोटं बोलायचं नाही हे चौथं शील, आणि ते मला त्या क्षणी शिकवायची गरज नव्हती. मी म्हटलं, बरं, मग राजदीपनं परस्पर केलं म्हणा, मला ठाऊक नव्हतं म्हणा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमले. आईनं लेकराच्या अंगावर ढकलायचं होय, असं त्या पुटपुटल्या. मग माझा तोल गेला. मी त्यांना जे म्हणाले ते आयुष्यात दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेले असते. मी म्हटलं, पाचवं मोडताना आठवण नाही झाली, आणि आता आमच्या अकरा वर्षांवर पाणी पडताना चौथं बरं आठवतं.

त्यांनी साडीची घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

"तेच तं सांगून राह्यली ममता. एक मोडलं. आता दुसरं बी मोडू काय?"

सभेला दीडशेच्या आसपास बाया होत्या. एवढ्या कधीच आल्या नव्हत्या. घनश्याम स्वतः नव्हता, त्याचा नोकर लांब खांबाला टेकून मोबाईल धरून उभा होता. हंसाबाई तांड्यातल्या बायांना घेऊन पुढेच बसली होती, शेजारी पुष्पा. सिस्टरबाईंनी बोलायला सुरुवात केली आणि पहिल्या वाक्यालाच हंसाबाई उठली. तिच्या हातात पुष्पाचा मोबाईल होता. तिला वाचता येत नाही, पण ती सही तिनं नातवाच्या कार्डावर पाहिली होती.

"याडी, हा कागद तुया हाय का नाई, येवढंच सांग."

मला ठाऊक आहे, तिला नाही ऐकायचं होतं. ती नाही ऐकायलाच उठली होती. सगळ्यांसमोर आपल्या याडीनं घनश्यामला खोटं पाडावं म्हणून.

सिस्टरबाई म्हणाल्या, "सही माही हाय. पैसे बी माहे हाय. दारूच हाय, ते बी मले माईत होतं."

पुढे त्यांनी अभ्यासिकेचं सांगायचा प्रयत्न केला. आपल्यातलं कोणी ती पीत नाही, असंही म्हणाल्या, आणि ते म्हणायला नको होतं. हंसाबाईनं तेवढंच धरलं.

"म्हन्जे माही मोहाची गरिबाले मारत होती, अन् तुमची दूरच्यायले मारते. ते कोनाचे नवरे नाई काय, सिस्टरबाई?"

तुमची म्हणाली. सिस्टरबाई म्हणाली. ते सिस्टरबाईंच्याही लक्षात आलं, कारण त्यांनी खुर्चीची पाठ धरली. हंसाबाईनं मोबाईल पुष्पाला परत दिला आणि पदर खोचून निघाली. तांड्यातल्या बाया एकेक करून तिच्या मागे उठल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. माझी फार इच्छा होती की कोणीतरी भांडावं.

रविवारी सकाळी आठ वाजता सिस्टरबाई शाळेच्या केंद्रावर एकट्या गेल्या, शिक्का मारला आणि घरी परतल्या. कुठेही जायचं तर आमची रीत अशी होती की विहारासमोर जमायचं आणि त्यांच्या मागे रांगेनं जायचं. त्या दिवशी कोणी कोणाच्या मागे जायचं तेच कळेना. मी घरोघर फिरले. काही बाया आल्या, काहींनी दार अर्धं उघडून तब्येतीचं सांगितलं. तांड्यावर मी दोन वेळा गेले. हंसाबाईच्या अंगणात अठ्ठावन्नपैकी निम्म्या बाया बसल्या होत्या, गोवऱ्या थापत. पुष्पा मान वर करायला तयार नव्हती.

संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीला दोनशे एकाहत्तर. चार बाद. उभ्या बाटलीला नऊ मतं पडली आणि तीच जिंकली. साहेबांनी निकाल वाचला, आमच्या सह्या घेतल्या, आणि मला म्हणाले की ताई, तुमचं अक्षर सुंदर आहे. सोमवारी सकाळी घनश्यामनं सिस्टरबाईंच्या घरी पेढ्याचा पुडा पाठवला. वर चिठ्ठी होती, आपला मान कायम राहील म्हणून. तो पुडा त्यांनी कुत्र्यांनासुद्धा घातला नाही, तसाच परत केला.

त्यानंतर दोन महिने रविवारच्या विहाराखेरीज त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मी जायचे, पण बसायचे नाही. बसले तर काहीतरी लागेल असं बोलेन, अशी मलाच भीती होती. विहारात रविवारी पंचशील होतं तेव्हा त्या शेवटच्या ओळीत बसत आणि पाचव्या शीलापाशी आल्या की त्यांचे ओठ थांबत. हे मी पाहिलं आहे.

एप्रिलमध्ये राजदीप बॅग घेऊन घरी आला. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला कुलूप होतं. मालक कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं. पोलिसांनी कागद जप्त केले तेव्हा कळलं की ज्या गोदामाचे नंबर प्रमाणपत्रांवर होते तिथे कंपनीच्या नावानं एक खोकंसुद्धा नव्हतं. एकाच वाड्याची तीच पिंपं शेकडो लोकांना विकली होती, आणि तीही कधी घेतलेलीच नव्हती. राजदीपचेही पैसे बुडाले. तो तीन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपून होता. सिस्टरबाई त्याच्या उशाशी जेवणाचं ताट ठेवायच्या आणि तसंच उचलायच्या.

तक्रारीचा अर्ज लिहायला मलाच बोलावलं. मी सवयीनं लिहिलं की अर्जदारानं परदेशी कृषी उत्पादनात गुंतवणूक केली होती. राजदीपनं तसंच सांगितलं होतं, सगळे तसंच लिहीत होते म्हणे. सिस्टरबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि ते खोडायला लावलं. "दारू लिव्ह," म्हणाल्या. मी दारू लिहिलं. त्यांनी खाली सही केली, टिंबासकट.

अर्ज पाकिटात घातला आणि त्या उठून चप्पल शोधू लागल्या. म्हणाल्या, तांड्यावर चाल. मी विचारलं कशाला. तर म्हणाल्या, हंसाला सांगायचं आहे, त्या बाटल्या नव्हत्याच. सात लाख गेलेल्या बाईच्या चेहऱ्यावर त्या वेळी मला काहीतरी हलकं झालेलं दिसलं, आणि तेच मला खटकलं. त्यांना वाटत होतं की दारू नव्हतीच, म्हणजे पाचवं शीलही मोडलेलं नव्हतं. मी सांगून पाहिलं की आता जाऊन काही उपयोग नाही. ऐकतील तर त्या सिस्टरबाई कसल्या.

भर उन्हात आम्ही गेलो. मोहाचा हंगाम होता. तांड्याच्या अंगणाअंगणात फुलं वाळत पडली होती आणि तो गोडसर वास रस्त्यावरच लागला. हंसाबाई घरामागे होती. तीन दगडांच्या चुलीवर मडकं होतं, नवंकोरं, आणि त्यावर दुसरं उपडं ठेवून सांधा चिखलानं लिंपलेला. तिनं आम्हाला पाहिलं आणि काही झाकलं नाही. पुष्पानं तांब्या भरून पाणी आणलं.

सिस्टरबाई उभ्याउभ्याच बोलल्या. "हंसा, त्या बाटल्या नव्हत्याच व. कुठीच नव्हत्या. नुसता कागद होता. फसवलं आमाले."

हंसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं चुलीतलं लाकूड थोडं मागे ओढलं, आच कमी केली, आणि मग बोलली. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मंग बरंच झालं, सिस्टरबाई. तुमचं शील वाचलं." ती पुन्हा चुलीकडे वळली. "दुकान बी वाचलं."

सिस्टरबाईंनी पुष्पाच्या हातून तांब्या घेतला, सगळं पाणी प्यायल्या आणि तांब्या तिथल्या दगडावर ठेवला. आम्ही निघालो. हंसाबाईनं या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. फाट्यावर आलो तर प्रफुल्लचा ऑटो भट्टीसमोर उभा होता, दुपारचे तीन वाजले असतील. आम्ही दोघींनी तो पाहिला. सिस्टरबाईंची चाल मंद झाली, त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मी पुढे चालत राहिले.

मला त्यांचा राग येतो. घनश्यामचा येतो, राजदीपचा येतो. पण अलीकडे शिवणयंत्रावर बसले की एकच गोष्ट डोक्यात येते. त्या सभेत मीही उठू शकले असते. हा कागद मीच बनवला, सही मी मारली, सिस्टरबाई मला वाचवायला आपल्या अंगावर घेऊन राह्यल्या, असं म्हणू शकले असते. अकरा वर्षं त्यांच्या सहीशेजारी मी लिहिलं आहे, तशी सही मला डोळे मिटून करता येते. बायांनी मानलं असतं. मला शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी तीनशे सात शिक्के पडले असते. शील मोडायला मी तयार होते, पण ते त्यांच्या तोंडून मोडायला हवं होतं मला. त्या दिवशी हे सुचलं नाही असं मी लोकांना सांगते. सुचलं होतं. हंसाबाई उठली तेव्हाच सुचलं होतं, आणि मी रजिस्टर मांडीवर घेऊन बसून राहिले.